लाल खुणेच्या वर : बेटावरच्या पाणी-स्वच्छता कामाच्या नोंदी

९ जानेवारी

मचवा लागला तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. शेवटचं अंतर गुडघाभर चिखलातून चालत पार केलं. सिमेंट, पाइप, टाक्या, सगळं याच वाटेनं यायचं आहे, तेव्हा सामान उतरवण्याचे दिवस उधाण-भांग (मोठी भरती-लहान भरती) बघूनच लावावे लागतील.

पहिलं काम पाणसळीचं. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक शाळेच्या भिंतीशी धरलं आणि दुसरं घरोघर नेलं. एकूण ६२ घरं. प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला : आजवर सगळ्यात जास्त पाणी चढलं तेव्हा कुठवर आलं होतं? साल सांगताना लोक अडखळत होते, पण पाणी कुठवर आलं ते दाखवताना कुणाचा हात डगमगला नाही. कुणी दाराच्या कडीवर बोट ठेवलं. एका बाईंनी भिंतीतली फळी दाखवली. "हिच्यावर बाळाला ठेवलं होतं. पाणी दोन बोटं खाली थांबलं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या खुणा एका पातळीत आणून पाहिल्या. तीन घरं सोडली तर बाकी खुणांत वीतभराचाही फरक नाही. लोकांच्या आठवणीवर विसंबून उंच्या ठरवता येतील, याची आज खात्री पटली. आता दोन रंग लावायचे : नेहमीच्या उधाणाची निळी खूण आणि आठवणीतल्या सर्वांत मोठ्या पाण्याची लाल. शाळेजवळचा उंचवटा चांगला आहे, तिथं लाल खूण जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर येते. दक्षिणेकडच्या वस्तीत १ मीटर १० सेंटिमीटर.

१४ जानेवारी

आज विहिरी. ११ आहेत, सगळ्या उथळ, वाळूत खणलेल्या. क्षारमापक घेऊन एकेक पाहिली. सर्वांत गोडी शाळेमागची, ४८० मिलिग्रॅम प्रति लिटर. तिच्याखालोखाल उत्तरेची, ६२०. बाकीच्या १,१०० पासून २,७०० पर्यंत. १,६०० ची नोंद आली त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या ताई म्हणाल्या, "हे पाणी गोड आहे, मचूळ तर ते पलीकडचं." साधारण १,००० च्या पुढे पाण्याची चव बिघडत जाते, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शिका सांगते. पण पिढ्यानपिढ्या हेच पाणी पिणाऱ्या जिभेला ते जाणवेनासं होतं. मला हीच गोष्ट सर्वांत काळजीची वाटते. बांगलादेशात खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात गरोदर बायांचा अभ्यास झाला होता, २०११ साली प्रसिद्ध झाला. कोरड्या दिवसांत नुसत्या पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, त्यांच्या पोटात जात असल्याचा अंदाज होता, आणि गरोदरपणातला रक्तदाब कोरड्या ऋतूत जास्त आढळत होता. सगळ्या आहारातून मिळून दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमहून कमी सोडियम, ही मोठ्या माणसासाठीची शिफारस आहे. इथं आज पाणी भरायला आलेल्यांत दोघी गरोदर होत्या. दोघींनाही पिण्यापुरतं शाळेमागच्या विहिरीवरून न्यायला सांगितलं. घरापासून तिथवरची वाट लांब आहे, हे कळत असूनही सांगितलं.

दुपारी समितीची बैठक झाली आणि अपेक्षित मागणी आलीच : शाळेमागच्या विहिरीवर मोटर बसवा, नळ घरोघर द्या. नाही म्हणणं जड गेलं. वाटीत पाणी घेऊन त्यावर तेल ओतून दाखवलं. बेटाखाली गोडं पाणी असंच खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, भिंगाच्या आकारात. खारं पाणी जरासं जड, १.०२५ ला १ एवढंच. पण त्या फरकामुळे समुद्राच्या पातळीवर गोड्या पाण्याची उंची जेवढी, त्याच्या साधारण ४० पट खोलीपर्यंत ते खाली टिकतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डच अभियंते बादोन खायबेन आणि १९०१ साली जर्मन अभियंते हर्झबर्ग यांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. हाच हिशेब उलटा धरला की मोटरीचा धोका दिसतो : उपसून पातळी ५ सेंटिमीटर खाली ठेवली तर खालचं खारं पाणी हळूहळू २ मीटर वर सरकतं. प्रत्यक्षात मधला मिसळीचा थर असतो, त्यामुळे मचूळपणा त्याही आधी जाणवतो.

होडीवाले काका बराच वेळ वाटीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पोहऱ्यानंच काढायचं, आणि थोडं थोडं." अकराही विहिरींवरून, थोडं थोडं. मोटरीचा विषय आजपुरता मिटला.

१६ जानेवारी

जंतूंच्या चाचणीच्या बाटल्या उघडल्या. ११ पैकी ८ काळ्या. पाण्यात विष्ठेच्या दूषितीचे जिवाणू असले की हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन बाटलीतला कागद काळा पडतो. भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलेली ही साधी चाचणी वीज नसलेल्या जागी फार उपयोगी पडते. काळ्या बाटल्या बैठकीत रांगेनं ठेवल्या. समजावून सांगायची गरज पडली नाही.

२ फेब्रुवारी

संडासांची मोजणी संपली. २३ घरांना खड्ड्याचे संडास आहेत. त्यांपैकी १४ विहिरीपासून ३० मीटरच्या आत. वाळूतून पाणी जितक्या सहज विहिरीत झिरपतं तितक्याच सहज घाणही झिरपते. नियमाप्रमाणे खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर हवा. इथं पावसाळ्यात हात-दीड हात खणलं की पाणी लागतं. म्हणजे या बेटावर नियमात बसणारा खड्डा खणताच येणार नाही. आधीच्या एका योजनेत इथं ३० खड्डे खणून दिले गेले होते. पहिल्याच पावसाळ्यात त्यांतले बहुतेक भरून वाहिले. नंतर लोकांनी ते वापरणं सोडलं, आणि बेटावरचे लोक सवय बदलत नाहीत असा शेरा मारला गेला. तो शेरा मला आज दिवसभर बोचत राहिला. नेहमीच्या उधाणात घराच्या अंगणात तरंगून येणारा संडास कोण वापरेल?

वर जाण्याशिवाय वाट नाही. जमिनीच्या वर दोन बंद कप्पे, आलटून पालटून वापरायचे. मल कप्प्यात, लघवी वेगळ्या नळीनं बाहेर, धुण्याचं पाणी तिसऱ्या वाटेनं झाडांच्या वाफ्यात. प्रत्येक वेळी वर मूठभर राख. एक कप्पा भरला की बंद करून ठेवायचा, तोवर दुसरा. व्हिएतनाममध्ये १९५० च्या दशकात दोन कप्प्यांची ही रीत रुजली. तिथं कोरड्या वापराची सोय होती, आपल्याला धुण्याच्या पाण्याची तिसरी वाट जोडावी लागते, आणि हीच वाट नीट जमली नाही तर कप्पा ओला होऊन सगळा बेत फसतो.

११ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार.

संडासांची सभा ठेवली होती. नकाशा मांडला : सहा सामायिक संडास, प्रत्येकी दहा-अकरा घरांना, वापरणाऱ्या कुटुंबांच्या नावानं. बसायची लादी लाल खुणेच्या थोडी वर घेतली होती. दक्षिणेच्या वस्तीत ती जमिनीपासून १ मीटर २० सेंटिमीटर येते, १५ सेंटिमीटरच्या आठ पायऱ्या. पुरुषांनी माना डोलावल्या. गवंड्यानं विटांचा हिशेब सुरू केला. पुरात घाण बाहेर येणार नाही म्हणून मीही समाधानात होतो.

मागच्या बाजूला बसलेल्या एका आजींनी विचारलं, "रात्री या आठ पायऱ्या मी कशा चढू?" बोलताना त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला होता.

सभेत क्षणभर कुणीच बोललं नाही. मग एक जण म्हणाला की आजींसाठी घरी भांडं ठेवता येईल. आजी त्यावर काही बोलल्या नाहीत, पदर सारखा केला आणि खाली बघत राहिल्या. ते बघून मला माझ्या नकाशाची लाज वाटली. पाण्याची उंची मी सेंटिमीटरमध्ये मोजली होती, माणसांच्या गुडघ्यांची उंची मोजायची राहून गेली होती.

सभा तिथंच थांबवली आणि दुपारी फक्त बायांची बैठक घेतली, आमच्या गटातल्या ताईंनी. मी बाहेर थांबलो. त्यांनी आणलेली यादी मी होती तशी लिहून घेतली. कडी आतून हवी आणि ती गंजणारी नको. वाटेवर दिवा हवा. पाळीची कापडं धुवायला आत आडोशाला जागा हवी आणि ते पाणी कुणाच्या अंगणातून वाहत जायला नको. वादळात निवाऱ्यात दोन रात्री काढाव्या लागतात, तिथं पुरुषांचा आणि बायकांचा संडास एकाच दारात आहे, म्हणून बऱ्याच जणी त्या दोन दिवसांत पाणीच पीत नाहीत. हे शेवटचं ऐकल्यावर मी वहीचं पान उलटून नवीन पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. शुद्ध पाण्याच्या टाक्या निवाऱ्यापाशी बांधायच्या आणि आतल्या बाया तहानेल्या बसून राहायच्या, असं होऊ द्यायचं नाही. निवाऱ्याच्या मागच्या बाजूला बायांसाठी स्वतंत्र दाराचे दोन संडास आता यादीत सर्वांत वर आहेत.

आजींच्या प्रश्नावर रात्री गवंडी आणि मी कंदिलाशी बसलो. उंचवट्यावर लाल खूण ६० सेंटिमीटरवर आहे. तिथं लादी ७५ सेंटिमीटरवर घेतली तरी चालेल. १२ ला १ असा उतार दिला तर ९ मीटरचा उतरता रस्ता होतो. विटांची कड, आत भराव, दोन्ही बाजूंना कठडा. आजींचं घर उंचवट्यापासून जवळ आहे. दक्षिणेच्या वस्तीत मात्र दोन माणसं अशी आहेत ज्यांना एवढं चालवणार नाही. त्यांच्यासाठी पायऱ्यांची उंची १० सेंटिमीटरवर आणून मध्ये टेकायला एक चौक द्यायचा, असं आज ठरलं. पूर्ण उत्तर नाही हे, पण आज एवढंच सुचतंय.

२६ फेब्रुवारी

पावसाच्या पाण्याचा हिशेब. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. पत्र्याची ४१ घरं, छप्पर सरासरी २४ चौरस मीटर. उडून, सांडून जाणारं सोडलं तर १०० मिलिमीटर पावसात घराला १,९०० लिटरच्या आसपास मिळतं. पाऊस भरपूर आहे, प्रश्न साठवणीचा. पाच माणसांना पिण्या-रांधण्यापुरतं दिवसाला २० लिटर धरलं तर कोरड्या १५० दिवसांना ३,००० लिटर लागतात. घरामागे २,००० लिटरची टाकी बसते, म्हणजे १०० दिवस. उरलेल्या ५० दिवसांसाठी त्या दोन गोड्या विहिरी राखून ठेवायच्या. गवताच्या छपरांच्या २१ घरांना शाळेच्या छपराखाली २० हजार लिटरच्या तीन फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेल्या, टाक्या. त्यांची गरज ६३ हजारांची, टाक्या ६० हजारांच्या. जेमतेम.

मार्शल बेटांची राजधानी माजुरो इथं विमानतळाच्या धावपट्टीवर पडणारं पावसाचं पाणी साठवून शहराला देतात. जमीन कमी असली की माणूस प्रत्येक सपाट जागेकडे छप्पर म्हणून बघायला लागतो. मीही हल्ली निवाऱ्याच्या गच्चीकडे तसंच बघतो.

पन्हळी पीव्हीसीच्या घेतल्या. खाऱ्या वाऱ्यात पत्र्याची पन्हळ फार टिकत नाही.

१३ मार्च

वाईट दिवस. पहिल्या फेरोसिमेंट टाकीचा तळ फोडायला लावला.

गोडी वाळू घेऊन येणारी होडी दोन दिवस उशिरा येणार होती. माझ्या संमतीनं किनाऱ्याची वाळू वापरली गेली. काल रात्री झोप लागेना. समुद्राच्या वाळूतलं मीठ जाळीच्या तारेला आतून गंजवतं. वर्ष-दोन वर्षं काही दिसत नाही, मग भेगा पडतात, आणि त्या नेमक्या कोरड्या ऋतूत पाणी सोडतात. वाळू धुऊन घ्यायची तर गोडं पाणी लागणार, आणि गोड्या पाण्यासाठीच तर टाकी. गवंड्याला सकाळी सांगितलं. त्यानं काही न बोलता घण उचलला. त्याची दोन दिवसांची मेहनत माझ्या घाईमुळे गेली. यापुढे वाळू चाळणीवर चढण्याआधी बादलीभर पाण्यात ढवळून क्षारमापकानं तपासायची, हा नियम मिश्रणाच्या जागी पाटीवर लिहून लावला आहे.

९ एप्रिल

कोरडं. शाळेमागची विहीर ४८० वरून ७४० वर गेली आहे, दक्षिणेच्या दोन पिण्यालायक राहिल्या नाहीत. होडीनं पाणी येतंय.

जलरक्षक म्हणून निवडलेल्या पाच जणींचं क्लोरीनचं प्रशिक्षण झालं. पावडर दमट हवेत फार लवकर मरते, म्हणून हवाबंद छोट्या डब्यांत, महिन्याला एक डबा. ३० टक्के ताकदीची असेल तर १,००० लिटरला ७ ग्रॅमच्या आसपास, मग अर्धा तास थांबायचं, मग उरलेलं क्लोरीन दाखवणारी डीपीडीची गोळी टाकून गुलाबी रंग पाहायचा. लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरलं पाहिजे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून घ्यायचं, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. एकीनं विचारलं, "यानं खारटपणा जाईल का?" जाणार नाही. उकळूनही जात नाही, उलट वाढतो. हे इतक्या स्पष्टपणे आम्ही आधी सांगायला हवं होतं, कारण दोन-तीन घरांत खारं पाणी मुलांसाठी उकळून वापरलं जात होतं.

तळ्याचं पाणी प्यावंच लागलं तर जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून गाळायचं, हेही शिकवलं. कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात, ते घडीत अडकतात. बांगलादेशातल्या मतलब भागात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटानं ही पद्धत गावोगाव वापरून पाहिली. २००३ साली आलेल्या निष्कर्षांत कॉलऱ्याचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं होतं. कापड उन्हात पूर्ण वाळवायचं, ही अट त्या पाच जणींनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

१८ मे

चक्रीवादळाचा इशारा आला. परवा पहाटे किनाऱ्याला लागणार.

२६ टाक्या बसल्या आहेत, शाळेच्या तीनपैकी एक पूर्ण. टाक्या जवळजवळ रिकाम्या, आणि रिकामी टाकी पुरात होडी होते. २,००० लिटरची टाकी अर्धी बुडाली की साधारण १ टनाचा जोर वर लागतो. प्रत्येक टाकीला नायलॉनच्या दोन आडव्या पट्ट्या, चार खुंट्या. होडीनं आणलेलं पाणी २६ टाक्यांत वाटून भरलं. तेवढंच वजन, आणि पाणीही एका जागी राहत नाही.

२००९ च्या मे महिन्यात आयला चक्रीवादळात सुंदरबनातल्या बेटांचे बांध फुटून समुद्राचं पाणी शेतांत आणि तळ्यांत शिरलं होतं. तिथला धडा समोर ठेवून काम चाललंय. विहिरींच्या तोंडांवर ताडपत्री, वर फळ्या, वर वाळूच्या गोण्या. हातपंपाचं डोकं काढून पाइपाच्या तोंडाला प्लास्टिक घट्ट बांधलं. पन्हळींचे उभे पाइप टाक्यांपासून सोडवले, वाऱ्याबरोबर उडणारं खारं पाणी छपरावरून आत जाऊ नये म्हणून. निवाऱ्याच्या मागचे बायांचे दोन्ही संडास परवाच वापरायला खुले झाले. दाराच्या कड्या आज मी स्वतः लावून-काढून पाहिल्या.

आजींना दुपारीच निवाऱ्यात आणलं.

२१ मे

सगळी माणसं आहेत. आधी हे लिहून ठेवतो.

बांध दक्षिणेला फुटला. तिथं पाणी लाल खुणेच्या चार बोटं वर गेलं, बाकी ठिकाणी खुणेच्या खाली राहिलं. ११ पैकी ७ विहिरींत समुद्र शिरला. दोन टाक्या खुंट्यांसकट उपटल्या गेल्या, बाकी जागच्या जागी. दक्षिणेच्या संडासाच्या कप्प्यात पाणी शिरलं. उंचवट्यावरचा कोरडा, फक्त उतरत्या रस्त्याचा भराव एका बाजूनं धुपला. एकूण चार संडास आज वापरता येण्याजोगे आहेत.

काल वारा पडला आणि पाऊस मात्र चालूच होता, तेव्हा जलरक्षक ताईंनी कुणी सांगायच्या आत पन्हळी धुतल्या, पहिलं पाणी सोडून दिलं आणि पाइप परत टाक्यांना जोडले. सकाळी मोजलं तर टाक्यांतलं पाणी ११० मिलिग्रॅम. आजूबाजूला सगळं खारं आणि दारात हे. मी ते पेलाभर प्यायलो तेव्हा शब्द फुटेना.

माणशी १५ लिटर ही किमान गरज, आज आपण देऊ शकलो ५. पिण्याला पुरलं. धुण्याला नाही.

२३ मे

तीन मुलांना जुलाब. मीठ-साखरेचं पाणी चालू आहे, १ लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत याच साध्या उपायानं असंख्य जीव वाचवले. पण इथं एक गोष्ट सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते : हे पाणी फक्त टाकीचंच घ्या. विहिरीच्या खाऱ्या पाण्यात आणखी मीठ पडलं तर औषधाचं विष व्हायचं. मीठ-साखरेच्या पुड्या वाटताना प्रत्येक पुडीबरोबर टाकीतलं एक लिटर पाणी बाटलीत भरून दिलं.

संध्याकाळी वाद. तरुण मुलांनी डिझेल पंप आणला, विहिरी उपसून खारं पाणी काढून टाकू म्हणाले. त्यांची तळमळ खरी आहे. पण २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर हेच झालं होतं. पुन्हा पुन्हा उपसल्यानं विहिरी सुधारल्या नाहीत, काही ठिकाणी खालचं खारं पाणी वर आलं. तिथं जमीन शेवटी पावसानंच धुतली. वाटी आणि तेल पुन्हा काढलं. ठरलं ते असं : प्रत्येक विहीर एकदाच, पोहऱ्यानं, सावकाश. गाळ आणि मेलेले मासे काढायचे, क्लोरीन टाकायचं, मग पावसाची वाट बघायची. एक मुलगा रागानं निघून गेला. रात्री परत आला आणि शाळेमागच्या विहिरीत गाळ काढायला तोच उतरला.

१९ जून

पाऊस लागला. शाळेमागची विहीर वादळानंतर ५,२०० होती, आज २,९००.

तिन्ही मुलं खेळताना दिसली.

७ ऑगस्ट

विहीर १,०५०. उत्तरेची ८८०. शाळेच्या दोन टाक्या भरून वाहतात, तिसरीचा घुमट पावसामुळे अडलाय.

संडासांची पाहणी. सहापैकी चार चांगले कोरडे, वास नाही. दोन ओले. कारण शोधत बसलो तेव्हा कळलं की धुण्याच्या पाण्याचं भोक लहान मुलांना दूर पडतं. मोठ्यांच्या मापानं घडवलेली लादी. गवंड्यानं मुलांसाठी लाकडाची बसवायची फळी करून दिली, तिच्यात भोकं जवळ आहेत. राखेची चणचण पावसाळ्यात होते, चुली कमी पेटतात. सुकी माती आणि भुसा साठवायला प्रत्येक संडासापाशी झाकणाचं पिंप ठेवलं. राख कुणी भरायची यावरून दोन घरांत अबोला आहे. ते ताईंवर सोपवलं, माझ्या बोलण्यानं तो वाढेल.

आजी रोज उंचवट्यावरचा संडास वापरतात. कठडा त्यांच्या हातानं एका जागी गुळगुळीत झालाय.

३ नोव्हेंबर

विहीर ५४०. दोन गोड्या विहिरी कुलूप न लावता राखायच्या, हे समितीनं आपणहून ठरवलं. फेब्रुवारीपर्यंत तिथून कुणी भरणार नाही, अपवाद गरोदर बायांच्या घरांचा. जानेवारीतल्या त्या दोघींपैकी एकीचं बाळ आज बैठकीत मांडीवर होतं.

जंतूंच्या बाटल्या पुन्हा लावल्या. ११ पैकी ३ काळ्या. तिन्ही दक्षिणेकडच्या, जुन्या खड्ड्यांना लागून. ते खड्डे चुना टाकून बुजवायचं काम उद्यापासून.

लाल खूण आज नव्यानं मारली, बेटभर, चार बोटं वर. पाणसळीचं टोक धरायला त्या फळीवाल्या बाई आल्या होत्या. जुनी खूण पुसायला त्यांनी नको म्हटलं, म्हणून दोन्ही ठेवल्या.

नव्या खुणेप्रमाणे दक्षिणेचे संडास १० सेंटिमीटर उचलावे लागतील. १० सेंटिमीटरची आणखी एक पायरी. उंचवट्यावरचाही तेवढाच उचलायचा ठरला, म्हणजे उतरता रस्ता ९ मीटरचा १० मीटर २० सेंटिमीटर होणार आणि कठडाही तेवढा पुढे न्यावा लागणार. गवंड्यानं दोरी लावून पाहिली. नवं टोक आजींच्या वाटेच्या वळणापर्यंत येतं. तिथं एक बाभळीचं खोड आडवं आहे, ते उद्या काढून घ्यायचं.